दहा बाय पंधराच्या खोलीत ५० मिमी

प्रश्न : मी लालबागच्या एका चाळीत राहते. आमची खोली दहा बाय पंधरा फुटांची असून पुढे गॅलरी आहे. भावाने त्याचा कॅनन १५००डी कॅमेरा मला दिला. त्यावर कॅमेऱ्याबरोबरच मिळालेली १८-५५ ची किट लेन्स आहे. माझा मुलगा अकरा महिन्यांचा असून घरभर रांगतो. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये काढलेले त्याचे फोटो हमखास हललेले येतात. कॅमेऱ्यात पाहिले तर ५५ मिमी, एफ ५.६, शटर १/१५, आयएसओ ३२०० असे आकडे दिसतात. सासूबाई मोदक वळतात ते त्यांचे हात आणि घरच्या गणपतीची आरती यांचेही नीट फोटो मला हवे आहेत. दीर म्हणतात, डोळे मिटून ५० मिमी एफ १.८ घे. बोरा बाजारातले दुकानदार म्हणाले, एवढ्याशा खोलीत ५० चा उपयोग नाही, २४ मिमी एफ २.८ घ्या. पहिलीची किंमत त्यांनी साधारण दहा हजार आणि दुसरीची साडेबारा हजार सांगितली. माझ्या हाताशी दहा हजार आहेत. मामांच्या जुन्या निकॉन फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी एफ १.८ लेन्स घरात पडून आहे, ती चालेल का? वापरलेली लेन्स घ्यावी का? आणि खरेदी गणपतीपूर्वी करावी की दिवाळीच्या सवलतीची वाट पाहावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण ते चार आकडे लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत. ‘फोटो चांगले येत नाहीत’ एवढेच लिहिलेल्या पत्राला उत्तर देताना बराच अंदाज बांधावा लागतो. आपल्या पत्रात दुखणे नेमके कुठे आहे ते त्या आकड्यांतच दिसते. (नवख्या वाचकांसाठी: मिमीचा आकडा जितका मोठा तितके दृश्य अरुंद; एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त; शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते; आणि आयएसओ वाढवला की कमी प्रकाशातही फोटो उजळ येतो.) शटर १/१५ सेकंद उघडे राहत असेल, तर तेवढ्या वेळात रांगते मूल दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकलेले असते, आणि कॅमेरा कितीही घट्ट धरला तरी तो फोटो हललेलाच येणार.

आधी दुकानदारांचे म्हणणे तपासू, कारण ते चुकीचे नाही. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, २२.३ मिमी रुंद आहे, म्हणजे जुन्या फिल्मच्या ३६ मिमी चौकटीपेक्षा बराच लहान. त्यामुळे ५० मिमीची लेन्स त्यावर फिल्म कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीइतके अरुंद दृश्य दाखवते. हिशेब सोपा आहे. ५० मिमीने दहा फुटांवरून सुमारे साडेचार फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढेच चौकटीत मावते. सव्वापाच फूट उंचीची व्यक्ती पायांपासून डोक्यापर्यंत घ्यायची, तर कॅमेरा उभा धरूनही बारा-तेरा फूट मागे जावे लागते. आपली खोली लांबीला पंधरा फूट असली, तरी त्यात कपाट आणि पलंग आहेच; पाठ भिंतीला टेकेल आणि तरीही जागा पुरणार नाही. हाच फोटो २४ मिमीने सहा फुटांवरून निघतो. दुकानदारांनी खोली ऐकून हिशेब केला, तो बरोबर आहे.

मात्र आपल्याला कशाचे फोटो काढायचे आहेत हे त्यांनी विचारले नसावे. बसलेले अकरा महिन्यांचे मूल जेमतेम दीड फूट उंच असते. सहा फुटांवरून ५० मिमीच्या चौकटीत सुमारे पावणेतीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच एवढी जागा मिळते, म्हणजे मूल, त्याच्यासमोरचे खेळणे आणि थोडी फरशी हे सारे नीट बसते. सासूबाईंच्या हातांसाठी तर आणखी जवळ जाता येते. कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम (शांत मोटरची आवृत्ती) ही लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस होते आणि तेवढ्या अंतरावर चौकटीची रुंदी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास उरते. बोटांच्या चिमटीत धरलेला एक मोदक आणि त्याच्या कळ्या पाडणारी बोटे यांनी ती भरून जाते. आपल्या यादीत ५० मिमीत न मावणारी एकच गोष्ट आहे, ती आरती. आरतीला माणसे दाटीने उभी असतात, तिथे रुंद लेन्स हवीच. पण तशी लेन्स आपल्याकडे आधीच आहे. किट लेन्स १८ मिमीवर आणली की एफ ३.५ पर्यंत उघडते आणि समोरच्या भिंतीपासून गॅलरीच्या दारापर्यंत सगळे घेते. गणपतीपुढे दिव्यांची रोषणाईही असते, त्यामुळे प्रकाशाची अडचण त्या मानाने कमी पडते.

म्हणून माझे मत असे की नव्या लेन्सकडून आपण फक्त किट लेन्सला न जमणारे काम मागावे, आणि ते काम अंधुक प्रकाशातले आहे. किट लेन्स २४ मिमीवर साधारण एफ ४ पर्यंत उघडते. त्या जागी एफ २.८ ची लेन्स लावल्यास प्रकाश दुप्पट मिळतो, एवढेच. आणि दुपटीसाठी आपण साडेबारा हजार रुपये मोजत असतो. ५० मिमीच्या आसपास किट लेन्स एफ ५.६ वर अडून राहते. तिथे एफ १.८ मिळाले, की ५.६ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश सेन्सरवर पडतो. आपलेच आकडे घेऊ: त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाइटखाली, आयएसओ ३२०० तसाच ठेवून आणि लेन्स पूर्ण न उघडता एफ २.२ वर ठेवली, तर शटर १/१५ वरून १/१०० वर येते. बसून टाळ्या वाजवणारे मूल त्यात स्पष्ट येईल. वेगाने रांगत सुटले, तर एफ १.८ आणि आयएसओ ६४०० करून १/२५० पर्यंत जाता येईल, थोडे दाणे दिसतील, पण ते हललेल्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरे. आपल्या किट लेन्सवर ‘आयएस’ अशी अक्षरे असतील, तर ती फक्त आपल्या हातांचा कंप सावरते. मुलाची हालचाल ती थांबवू शकत नाही. त्यामुळे नव्या लेन्समध्ये आयएस नाही, याची काळजी करू नये.

इतकी उघडी लेन्स एवढ्या कमी पैशांत कशी मिळते, अशी शंका पुष्कळांना येते आणि स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाची असा समज होतो. हे कारण समजून घेण्यासारखे आहे. ५० मिमीच्या बहुतेक लेन्सांचे मूळ जर्मनीच्या झाइस कारखान्यात पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली आखलेल्या प्लानार या रचनेत आहे. त्यात मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना भिंगे जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखी मांडलेली असतात, आणि पुढच्या निम्म्या भागातले बरेचसे दोष मागचा निम्मा भाग खोडून काढतो. कॅननच्या १९८७ सालच्या पहिल्या ईएफ ५० मिमी एफ १.८ पासून २०१५ सालच्या एसटीएमपर्यंत सहा भिंगे पाच गटांत हीच मांडणी चालत आली आहे. बदलले ते भिंगांवरचे लेप, मोटर, छिद्राची पाती आणि बाहेरचा साचा. २४ मिमीचे तसे नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आपल्यासारख्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा ठेवावी लागते, कॅननमध्ये ती ४४ मिमी आहे, आणि त्या अंतराहून कमी लांबीच्या लेन्सला आपली प्रतिमा मुद्दाम मागे ढकलावी लागते. त्यासाठी जादा भिंगे लागतात, आणि तशी लेन्स एफ १.८ किंवा १.४ पर्यंत उघडायची म्हटले की किंमत झपाट्याने चढत जाते. ५० मिमीला हा खटाटोप करावा लागत नाही. तिची किंमत कमी आहे ती या कारणाने.

दिरांचा सल्ला त्यामुळे योग्य ठरतो, पण ‘डोळे मिटून’ हे मला मान्य नाही. लेन्स घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आपल्याला एक नवी अडचण दिसेल. मी माझ्या वडिलांचा पहिला फोटो एफ १.८ वर काढला, तेव्हा ते खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते आणि मी चार-पाच फुटांवर होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान दिसला; संगणकावर मोठा केला तेव्हा चष्म्याची दांडी आणि कानाजवळचे पांढरे केस अगदी धारदार होते आणि डोळे मात्र धूसर होते. तो फोटो पुन्हा काढता आला नाही. कारण साधे आहे. पाच फुटांवर एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा सहा सेंटिमीटरच्या आसपास असतो; मान किंचित वळली, तर कान त्यात राहतो आणि डोळा बाहेर जातो. एफ २.८ केले, की तोच पट्टा साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून छिद्र सतत पूर्ण उघडे ठेवण्याचा मोह टाळावा, एफ २.२ ते २.८ ही घरातल्या माणसांसाठी चांगली जागा आहे.

फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नये. १५००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि सगळे चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, म्हणजे मुलाऐवजी त्याच्या हातातला खुळखुळा. फक्त मधला बिंदू निवडावा, कारण या कॅमेऱ्यात तोच आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा पकडतो, आणि तो मुलाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. रांगणाऱ्या मुलासाठी फोकस ‘एआय सर्वो’वर (हलत्या वस्तूवर फोकस सतत धरून ठेवणारी सोय) ठेवून तीन-चार फोटो सलग काढावेत. आणि जमिनीवर बसावे, शक्य तर पोटावर झोपावे; वरून काढलेल्या फोटोत मुलाचे टाळू आणि फरशीच दिसते.

ट्यूबलाइटचीही एक सवय जाणून घ्यावी लागेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूब आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर १/१०० पेक्षा वेगवान केले की एक फोटो उजळ, पुढचा काळसर, तिसऱ्यात आडवा पिवळसर पट्टा असे होऊ लागते. बसलेल्या माणसांचे फोटो म्हणून नेमक्या १/१०० वर काढावेत. मूल धावपळ करत असेल आणि १/२५० लागतच असेल, तर जादा फोटो काढून त्यातले बरे निवडावेत. लेन्समध्ये दोष आहे असे समजून दुकानात जाऊ नये.

आता मामांची लेन्स. ती आपल्या कॅमेऱ्यावर बसते, आणि त्यासाठी काही शे रुपयांचे एक धातूचे कडे पुरते, ज्याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. निकॉनच्या लेन्सला मागे ४६.५ मिमी अंतर लागते आणि कॅननमध्ये ते ४४ मिमी आहे. मधल्या अडीच मिलिमीटरांत ते कडे मावते. त्यात भिंग असलेले कडे घेऊ नये, त्याची गरज नाही आणि त्याने प्रतिमा बिघडते. फोकस हाताने करावा लागेल, छिद्र लेन्सवरच्या कड्याने फिरवावे लागेल आणि कॅमेरा ‘एम’ (सगळे हाताने) किंवा ‘एव्ही’वर (शटर कॅमेरा ठरवतो) ठेवावा लागेल. रांगत्या मुलामागे ही लेन्स धावू शकणार नाही. पण खिडकीपाशी बसून मोदक वळणाऱ्या हातांना वेळ असतो. तिथे मागच्या पडद्यावर दृश्य दहापट मोठे करून फोकस केला, तर मामांची लेन्स नव्या लेन्सच्या तोडीचे काम करील. म्हणून माझी विनंती अशी की दहा हजार खर्च करण्यापूर्वी ते कडे आणावे आणि आठ दिवस घरात फक्त मामांच्या लेन्सने फोटो काढावेत. पाठ किती वेळा भिंतीला लागते आणि चौकटीत काय हवे होते ते किती वेळा बाहेर राहते, हे त्या आठ दिवसांत आपल्याला स्वतःच्या अनुभवाने कळेल. अडचण वारंवार होते असे दिसले, तर मधला मार्ग आहे: योंगनुओ या कंपनीची ३५ मिमी एफ २ कॅननच्या माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यासह, मिळते. तिची मोटर आवाज करते आणि छिद्र पूर्ण उघडे असताना फोटोचे कोपरे मऊ येतात. पण ३५ मिमीवर किट लेन्सपेक्षा ती सुमारे पाचपट प्रकाश देते आणि उभे माणूस साडेआठ-नऊ फुटांवरून घेते. (निकॉनचे लहान सेन्सरचे कॅमेरे वापरणाऱ्या वाचकांना एवढा विचार करावा लागत नाही. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी २००९ पासून बाजारात आहे, आणि लहान घरासाठी मी तीच सुचवीन.)

मामांची लेन्स कॅमेऱ्याला लावण्यापूर्वी मात्र तिची तपासणी करावी, आणि वापरलेली कोणतीही लेन्स घेतानाही हीच तपासणी लागू आहे. छिद्र पूर्ण उघडावे, खोलीत अंधार करावा आणि मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने तिरपी धरून पुढून आत पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाही, त्याने फोटोत काहीच दिसत नाही. पण भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बंद कपाटातल्या लेन्सला ती धरतेच. मी एक लेन्स तिच्या मूळ चामड्याच्या म्यानात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. मेमध्ये ठेवली आणि ऑगस्टअखेर काढली, तर मागच्या भिंगावर जाळे पसरलेले. साफ करून घेतल्यावर जाळे गेले, पण त्याने कुरतडलेला लेप परत आला नाही आणि दिवा चौकटीत आला की आजही त्या जागी धूसर डाग उमटतो. चामडे ओलावा धरून ठेवते हे मला तेव्हा माहीत नव्हते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि पुड्यांचा रंग पालटला की त्या गरम करून पुन्हा वापराव्यात. तांदळात लेन्स ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, तांदळाची पूड भिंगांच्या फटीत जाते.

वापरलेल्या लेन्सला माझी हरकत नाही. आपला कॅमेरा सोबत नेऊन दुकानातच फोटो काढून पाहावेत: भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट लावून समोरून एफ १.८ वर फोटो घ्यावा आणि डावी-उजवी बाजू सारखीच वाचता येते का ते मोठे करून बघावे. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल, तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. जुन्या बाजारात ५० मिमीच्या दोन पिढ्या आढळतात. १९९० सालच्या ‘टू’ या आवृत्तीचा माउंट प्लास्टिकचा आणि छिद्राची पाती पाच, मोटरही कुरकुरते. एसटीएमचा माउंट धातूचा, पाती सात आणि फोकस शांत. फरक हजार-दीड हजारांचा असेल, तर एसटीएमच घ्यावी. झोपलेल्या मुलाजवळ तो शांतपणा उपयोगी पडेल. नवी घेतल्यास जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा. बिलाशिवाय हजारभर कमी सांगितले जातात, पण मग वॉरंटीच्या वेळी कोणी दारात उभे करत नाही. स्वस्तातला यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काच, माथी मारला जाईल, तो नाकारावा. निरांजनाची ज्योत चौकटीत असली, की अशा फिल्टरमुळे तिची दुसरी फिकट ज्योत फोटोत उमटते. त्याऐवजी ईएस-६८ हे हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारे संरक्षक कडे, घ्यावे. या लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना बाहेर सरकतो आणि त्याला धक्का लागला तर मोटर बिघडू शकते; घरात लहान मूल असताना हूडचा हा जादा फायदा आहे.

पुढे कधी आरसा नसलेला कॅनन घेतलात, तरी ही लेन्स कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने त्यावर चालते, त्यामुळे पैसे वाया जाण्याची भीती नाही.

राहिला दिवाळीचा प्रश्न. सवलत मिळालीच, तर हजार रुपये वाचतील. पण मूल आज अकरा महिन्यांचे आहे आणि दिवाळीपर्यंत ते चालू लागलेले असेल. चतुर्थीच्या तीन आठवडे आधी लेन्स हाती येईल असे पाहावे. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी दिवा लावण्याच्या वेळेस, गॅलरीचे दार उघडे ठेवून आणि ट्यूबलाइट न लावता, वीस मिनिटे सराव करावा. त्या वेळी दारातून आत येणारा प्रकाश मऊ असतो आणि एकाच बाजूने येतो. मुलाला दारापासून तीन-चार फुटांवर बसवून, आपण भिंतीशी बसून, एफ २.२ वर त्याच्या डोळ्यावर फोकस करावा. सासूबाईंनाही एखाद्या दिवशी तिथेच पाटावर बसवून मोदकाऐवजी पोळीची कणीक मळायला सांगावी, म्हणजे चतुर्थीच्या सकाळी त्यांना कॅमेऱ्याचे अवघडलेपण वाटणार नाही आणि आपल्याही बोटांना कुठले बटण कुठे आहे ते शोधावे लागणार नाही.